लिंबू तुमचं, मनगट कुणाचं?

सध्या एक नवीन टूम निघाली आहे. घर साफ करायचं, पण निसर्गाला धक्का न लावता. फिनाइल नको, ॲसिड नको, डब्यातली पावडर नको. रिठा आणा, शिकेकाई आणा, लिंबू पिळा, खायचा सोडा भुरभुरा, व्हिनेगर शिंपडा, राख लावा, कडुनिंबाचा पाला उकळा. पुण्या-मुंबईकडं हे चाललं होतं तोवर आम्हाला त्याचं सुतक नव्हतं. आता हे वारं आमच्या कर्जतला येऊन पोचलंय. दुष्काळी तालुका, उन्हाळा लागला की टँकरची वाट बघणारी गावं, पण हळदी-कुंकवाच्या वाणात रिठ्याची पुडी!

मी सुरुवातीलाच सांगून टाकते. मला रिठ्याचं वावडं नाही. विषाची बाटली घरातून जात असेल तर जाऊ दे, तिच्या मयतीला मी रडणार नाही. माझा सवाल रिठ्याला नाहीच. माझा सवाल एवढाच आहे, की तो रिठा घेऊन घासणार कोण?

मी कर्जतच्या मांगवाड्यातली. आजी शिंदीचे फडे बांधायची, दोर वळायची. आईनं सात घरची धुणीभांडी केली. मी शिकले, तरी तीन घरची झाडलोट माझ्या वाट्याला आहेच. म्हणून साफसफाई या विषयावर मला बोलायचा हक्क कुणाकडून मागून घ्यायचा नाही. तीन पिढ्यांचा अनुभव आहे, कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही असा.

तर ऐका. रसायन घरात आलं ते कशासाठी? घासायचे कष्ट वाचावेत म्हणून. तेलानं चिकटलेला ओटा, फोडणीच्या वाफेनं पिवळी पडलेली फरशी, बोअरच्या जड पाण्यानं नळाभोवती बसलेला पांढरा थर. त्यावर काहीतरी जहाल ओतलं, की पाच मिनिटांत सुटतं. जे काम हातानं अर्धा तास घेतं, ते बाटली करते. त्याची किंमत म्हणून बाटली माझी बोटं सोलते, नाकाडोळ्यांतून पाणी काढते, छातीत खोकला ठेवते. हा सौदा वाईटच होता. पण हा सौदा मोडताना काय झालं बघा. बाटली गेली, काम राहिलं. बाटलीचं काम माझ्या मनगटावर आलं. लिंबाची फोड आणि सोडा घेऊन तोच ओटा आता अर्धा तास घासायचा. पगार तोच. वेळ तीच. वर पुन्हा उपकार: "अगं, तुझ्याच हाताला बरं आहे ते!"

माझ्या हाताची एवढी काळजी होती तर इतकी वर्षं रबरी हातमोज्यांचा एक जोड का आला नाही? बाटलीवर छापलेलं असतं, हातमोजे वापरा. ते बाईसाहेबांना वाचता येत होतं. आईला येत नव्हतं.

बरं, विष तरी खरंच गेलं का? देवघरातली पितळी भांडी चिंचेनं. ओटा लिंबानं. पोरं रांगतात ती फरशी कडुनिंबाच्या पाण्यानं. आणि संडास? संडास ॲसिडनं. संडासाच्या दारात येऊन यांचा निसर्ग संपतो. कारण तिथं यांची पोरं रांगत नाहीत. तिथं मी रांगते. एका घरी मी विचारलं, की इथं पण लिंबाचं सत्त्व वापरून बघू का, रात्री टाकून ठेवायचं नि सकाळी घासायचं, निघतं त्यानं. उत्तर आलं, "तिथं नको बाई, तिथं कडकच लागतं." मला त्या दिवशी सगळं शास्त्र कळलं. विष वाईट नाही. विष कुणाच्या अंगाला लागतं, त्यावर ते वाईट का चांगलं ते ठरतं.

आता या निसर्गाच्या शोधाबद्दल दोन शब्द. राखेनं भांडी घासणं हे जणू काल कुणाला सुचलं, असं सांगतात. आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या काय घासलं मग? राखेत खार असतो, तो तेलाला धरतो आणि भांडं सुटतं, हे आजीला कुणी इंग्रजी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. शेणानं भुई सारवली की धूळ बसते, हेही आम्हाला ठाऊक होतं. पण आम्ही शेणानं सारवत होतो ते संस्कृती जपायला नाही. शहाबादी फरशीला पैसा नव्हता म्हणून. आमच्या दारात गाय नव्हती. रस्त्यानं दुसऱ्याच्या जनावरामागं पाटी घेऊन फिरायचं, तेव्हा सारवण व्हायचं. तेव्हा आमच्या घराला नाक मुरडणारे आज त्याच शेणाचा रंग डब्यात भरून भिंतीला लावतात. 2021 च्या जानेवारीत खादी ग्रामोद्योगानं शेणाचा रंग बाजारात आणला, खुद्द केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते. आमचं दारिद्र्य डब्यात गेलं की त्याला प्राकृतिक म्हणायचं, आमच्या भिंतीवर असलं की घाण!

आणि निसर्गानं सफाई करण्याचा या देशातला सगळ्यात मोठा कार्यक्रम कुठं झाला, हे या मंडळींना माहीत आहे का? महाडला झाला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मागोमाग हजारो माणसं पाणी प्याली. तळं बाटलं! मग गावच्या सवर्णांनी ते साफ केलं. कशानं? फिनाइलनं नाही. गाईचं शेण, गोमूत्र, दूध, दही घालून 108 घागरी तळ्यात बुडवल्या, वर मंत्र म्हटले. एक थेंब रसायन नाही. सगळं सेंद्रिय, सगळं पर्यावरणाला पोषक! त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती तेव्हा कुणाला सफाई सुचली नव्हती. माणसाच्या ओंजळीनं मात्र ते एवढं मळलं. पुढं दहा वर्षं खटला चालला आणि 1937 साली मुंबई हायकोर्टात निकाल लागला तेव्हा त्या पाण्यावरचा आमचा हक्क कायद्यानं मान्य झाला. म्हणून कुणी मला गोमूत्राच्या शुद्धीचं महत्त्व सांगू लागलं, की मला आधी त्या 108 घागरी दिसतात. तुम्ही जंतू मारत नव्हता. तुम्ही आमचा स्पर्श पुसत होता.

तो प्रकार संपला असं समजू नका. 2015 साली केंद्रातल्या एका मंत्रीणबाईंनी सरकारी कचेऱ्यांत फिनाइलऐवजी गोमूत्राचं औषध वापरा म्हणून सहकाऱ्यांना पत्रं लिहिली. 2021 साली मध्य प्रदेश सरकारनं तसा हुकूमच काढला. गाईगुरांच्या मुतातून लेप्टोसारखा रोग पसरतो, शेणात पोट बिघडवणारे जंतू असतात, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. मुद्दा असा, की गाय जिवंत असेतोवर तिचं मूत बाटलीत जातं आणि किंमत घेतं. ती मेली की ओढायला आमचा माणूस. आणि 2016 च्या जुलैत गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आमच्या भावंडांना गाडीला बांधून लोखंडी दांड्यांनी फोडलं. मूत विकणारा उद्योजक, कातडं सोलणारा गुन्हेगार. ही कसली निसर्गपूजा? निसर्गाची पण जात लावलीत तुम्ही.

फड्याचं बघा. केरसुणी म्हणा, फडा म्हणा. याच्याइतकी निसर्गाला धरून असलेली वस्तू घरात दुसरी नसेल. शिंदीचा पाला कापून आणायचा, वाळवायचा, चिरायचा, ओला करून घट्ट बांधायचा. त्यात प्लास्टिकचा कण नाही. झिजला की चुलीत घाला, नाहीतर उकिरड्यात, माती होते. पाल्याच्या टोकांनी आजीची बोटं कायम फाटलेली असायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तोच फडा लक्ष्मी होतो, त्याला हळद-कुंकू लागतं, तो पाटावर बसतो. बांधणारी उंबऱ्याबाहेर बसायची, वरून पैसे टाकले जायचे. आजी म्हणायची, "लक्षुमी आत गेली, लक्षुमीची आई भाईर." एवढं एकच वाक्य, पण मला त्यापुढं ग्रंथ फिके वाटतात.

आणि हाच झाडू एके काळी आमच्या कमरेला बांधला होता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यानं अस्पृश्यानं चालायचं तर कमरेला झाडू, आपलीच पावलं पुसत जायला. गळ्यात मडकं, थुंकायला. बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि होऊ न दिलेल्या भाषणात ते नोंदवलं आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. संडास कसा बांधावा, दुर्गंधी कशी घालवावी, मैल्याचं खत कसं करावं, हे सगळं त्याला यावं म्हणे. म्हणजे बघा, आजच्या पर्यावरणवाल्यांचा अभ्यासक्रम तेव्हाच तयार होता! फक्त विद्यार्थी जन्मानं ठरलेला. एक जण झाडू कमरेतून सोडवत होता, दुसरा झाडूला पवित्र म्हणून तो हातात घट्ट बसवत होता. कामाला पवित्र म्हटलं की मजुरी वाढवावी लागत नाही आणि माणूस बदलावा लागत नाही. आजही तेच. तेव्हा काम पवित्र होतं, आता काम 'हिरवं' झालंय.

खरा झाडू हातात घेतला गाडगेबाबांनी. गाव आधी स्वतः झाडायचे, मग रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, पोरांनी शिकावं म्हणून. रस्ता झाडणाऱ्याच्या पोराच्या हातातून झाडू काढून पुस्तक देणं, याला मी स्वच्छता म्हणते. पुढं त्यांच्या नावानं सरकारी अभियान निघालं, बक्षिसं लागली. झाडू राहिला, कीर्तन गेलं.

आमचं कर्जतही मागं नाही. 2021 साली 'माझी वसुंधरा' अभियानात कर्जत नगरपंचायतीचा राज्यात नंबर लागला. गाव नटलं, भिंती रंगल्या, झाडं लागली. गावचा मान वाढला तर मलाही बरंच वाटतं, मी काही गावाबाहेरची नाही. गावानं ठेवलं होतं बाहेर, ते निराळं. पण अशी बक्षिसं महाराष्ट्रात जिथं जिथं मिळतात, तिथं माझा एक साधा सवाल असतो. फोटोत पहाटे रस्ता झाडणारी बाई कुठं आहे? ठेकेदाराच्या वहीत तिचं नाव कितव्या पानावर आहे? भिंतीवर 'स्वच्छता हीच सेवा' लिहिता. सेवा ती करते, मेवा दुसरीकडंच जातो.

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे तर धादांत खोटं. संडासाच्या टाकीत जो वायू साठतो तो कुठल्या कारखान्यात बनत नाही. मैला सडून आपोआप होतो. शंभर टक्के नैसर्गिक! आणि दोन श्वासांत माणूस आडवा करतो. त्या टाकीत कोण उतरतं, हे सांगायला जनगणना लागत नाही. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला, हातानं मैला काढायला लावणं गुन्हा ठरला. 2014 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाख द्या. 20 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाला ते 30 लाख करावे लागले. रक्कम वाढते, म्हणजे मरणं थांबलेलं नाही. घरातल्या सिंकला लिंबाचा वास येतोय, पण त्या सिंकचा पाइप जिथं जातो तिथली गोष्ट तुमच्या हिरव्या वहीत का नाही?

आता कामाचं बोलते. आपल्या बायांनी ध्यानात ठेवावं, आणि ज्यांच्या घरी आपण जातो त्यांनीही.

पहिलं. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच, मग ती पावडर असो की पाणी, कधीही एकत्र टाकायचं नाही. त्यातून क्लोरीन निघतो, तो फुफ्फुस जाळतो. मालकीण म्हणाली "दोन्ही टाक, चकाचक होईल", तर सरळ नाही म्हणा.

दुसरं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढतात, तो नुसता तमाशा आहे. एक खार, एक आंबट. दोघं एकमेकांना मारतात, उरतं मिठासारखं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. तेलकटाला सोडा, क्षाराला आंबट.

तिसरं. आपल्याकडच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, फेस येत नाही. रिठ्याचा येतो. म्हणून रिठा खरंच गुणाचा आहे. नळावरच्या पांढऱ्या थराला लिंबाचं सत्त्व पाण्यात कालवून लावा आणि थांबा. घासू नका, थांबा. वेळ दिला तर आंबट स्वतः काम करतं. पण शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर आंबट टाकाल तर दगडच खाल्ला जाईल, आणि पैसे तुमच्या पगारातून कापतील.

चौथं. घरात उलटी-जुलाबाचं दुखणं असेल तिथं रिठा, कडुनिंब, गोमूत्र काही चालत नाही. आधी साबणपाण्यानं पुसा, मग खिडक्या उघडून ब्लीचचं पातळ पाणी, हातात मोजे घालून. निसर्गाच्या नादात रोग घरी नेऊ नका. आपल्याला आजाराची पगारी रजा नसते.

पाचवं. राख लाकडाची घ्या. उकिरड्यावर प्लास्टिक जाळलेली राख भांड्याला लावू नका.

हे सगळं ज्ञान आमचं आहे, थोडं आजीचं, थोडं शाळेच्या रसायनशास्त्राचं. शाळेचं मला परकं नाही. आमच्यातलीच मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची पोर, तिनं 1855 साली मांग-महारांच्या दुःखाचा निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्या 'ज्ञानोदया'चा जन्म 1842 चा, आपल्याच नगरचा. तिनं धर्माला जाब विचारला होता. मी फक्त बादलीला विचारतेय.

म्हणून आपल्या बायांना माझं सांगणं आहे. उद्या घरात रिठा आला, तर आनंदानं घ्या. पण सोबत हिशेब मांडा. घासायचा वेळ वाढला तर पैसे वाढले पाहिजेत. हातमोजे मालकानं द्यायचे. ओट्याला जे सौम्य, ते संडासालाही सौम्य. दोन कायदे चालणार नाहीत. बाटलीवर काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवायचं. 2008 साली या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. त्यात नाव घाला, ओळखपत्र घ्या, आपण मोलकरीण नाही, कामगार आहोत. आणि फडा विकायला बसाल तर लक्ष्मीच्या भावानं विका. लक्ष्मी घासाघीस करून नेत नसतात.

आणि हिरव्या ताई-दादांनो, तुम्हालाही एक सोपा उपाय सांगते. यात विष नाही, खर्च नाही, बाजारात जायची गरज नाही, निसर्गाला काडीचा धक्का नाही. आठवड्यातून एक दिवस आपला संडास आपण घासा. आपल्या हातानं, गुडघ्यावर बसून, तुमच्याच लिंबानं. त्या दिवशी मला पगारी सुट्टी द्या. मग सांगा कडक लागतं का सौम्य चालतं. लिंबू तेच राहील, मनगट तेवढं बदलून बघा.

जय भीम. जय लहुजी.